खांद्याचा हिसका

बाजारामागच्या गल्लीत काचेचं एक दुकान होतं आणि त्या दुकानातल्या माणसाला सगळे काचवाला म्हणत. त्याचं खरं नाव वीजबिलावर छापून यायचं, तेवढंच. माणूस उंच, किडकिडीत, बोलण्यात भलताच कंजूष. गिऱ्हाईक आलं की खिडकीचं माप विचारायचा, काचेवर पट्टी ठेवायचा, हिरा फिरवायचा आणि कट्ट करून काच मोडून हातात द्यायचा. लोक म्हणत, याच्या तोंडापेक्षा याची काच जास्त बोलते.

लग्न राहून गेलं होतं. कुणी मोडता घातला नव्हता, कुणी फसवलंही नव्हतं. आईचं आजारपण लांबलं, तिचं करता करता वर्षं सरली, आणि आई गेली तेव्हा कुणी विचारायचं वयही निघून गेलं होतं. धाकटी बहीण दुसऱ्या गावी संसारात होती. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "दादा, जेवतोस ना नीट?" "हो." "तब्येत?" "बरी." मग ती स्वतःच्या घरचं सांगायची आणि हा हुंकार भरायचा.

त्याच्या आयुष्यात एक माणूस मात्र खूप वर्षं होता. त्याचा जोडीदार. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरायची, आणि मधे काच असल्यामुळे समोरचा माणूस आरपार दिसत असतो. "उचल", "वळ" असं ओरडत बसलं तर काच हातातून जायची. समोरच्याचा खांदा बघायचा. त्याने श्वास घेतला की आपण घ्यायचा, त्याचा पाय उचलला की आपला उचलायचा. हे दोघं दुकानांच्या दर्शनी काचा जिन्यावरून अशा न्यायचे की खालून बघणारा तोंडात बोट घालायचा. कामाच्या वेळी दोघं एकमेकांशी जितकं कमी बोलत तितकं काम चांगलं होई. पुढे जोडीदाराच्या मुलाने त्याला आपल्याकडे, लांब, राहायला नेलं. निघताना तो दुकानात आला, थोडा वेळ उभा राहिला. "येतो मग," म्हणाला. "ये," काचवाला म्हणाला. त्यानंतर काचवाल्याने मोठ्या काचेची कामं घेणं सोडून दिलं. फोटोच्या चौकटी, न्हाणीघराच्या झरोक्याची तावदानं, एकट्याच्या हाताला झेपेल तेवढंच.

एक दिवस भर सकाळी तो अशीच एक लहान काच कापत होता. डाव्या हाताने पट्टी दाबून धरलेली, उजव्यात हिरा. पट्टी सरकली. त्याने हाताला मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि पुन्हा पट्टी धरली. ती पुन्हा सरकली. मग त्याने हाताकडे नीट बघितलं. हात पट्टीवरच होता, पण कुणी दुसऱ्याने विसरून ठेवलेला असावा तसा. तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि समोरच्या औषधवाल्याला हाक मारायला गेला, तर तोंडातून नुसताच आवाज आला. औषधवाला हुशार. याचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं, गल्ला उघडा टाकून धावला आणि याला आपल्या गाडीत घालून थेट दवाखान्यात पोचवलं. जीव वाचला तो त्या माणसामुळे.

बहीण आली, राहिली, रडली. "दादा, आता तू माझ्याकडेच चल." "बघू," तो म्हणाला. त्याच्या तोंडी "बघू" म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिच्याही घरी सासूचं दुखणं होतं, मुलांच्या परीक्षा होत्या. तो स्वतःच्या हाताने घास घेऊ लागला तशी ती गेली. बोलणं परत आलं, पायही चालू लागला. डावा हात तेवढा अडून बसला. छातीपर्यंत यायचा आणि तिथून हलायचं नावच घ्यायचा नाही.

व्यायामाची डॉक्टर म्हणजे पंचविशीतली एक मुलगी. बडबडी, पण हाताने फार हळुवार. तिने दोरी ओढायला लावली, चेंडू दाबायला लावला, भिंतीवर बोटं चढवायला लावली. महिने गेले. शेवटी एकदा ती त्याला वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत घेऊन गेली. पूर्वी तिथे जुन्या खाटा ठेवत असावेत; फरशीवर गंजाचे गोल डाग होते. मधोमध एक खुर्ची, बाजूला टेबलावर संगणकाचा पडदा, आणि खुर्चीवर पाणबुड्याचा असतो तसा एक जाडजूड काळा चष्मा.

"काका, घाबरायचं नाही. हा डोळ्यांवर चढवायचा. आत एक खोली दिसेल. आभासी जग म्हणतात याला."

"माझी खोली मला पुरे आहे."

"अहो, भाड्याने नाही देत आहे मी. बसा."

तिने त्याच्या छातीला पट्टा बांधला, दोन बोटांना तारा लावल्या, खांद्यावर गोल चिकटपट्ट्या डकवल्या आणि चष्मा चढवला. क्षणभर मिट्ट काळोख. मग एकदम उजेड झाला आणि तो एका मोठ्या दालनात होता. खाली लाकडी फळ्या, एका बाजूला उंचच उंच खिडक्या. तो मान वळवून खिडक्याच बघत राहिला.

"काय बघताय?" तिचा आवाज कुठूनतरी आला.

"तावदानं बसवलीत, पण कडेने लांबीचा लगदा कुठे भरलेलाच नाही. वाऱ्याने खाली येतील."

ती खो-खो हसली. "काका, खिडक्या सोडा. समोर माणूस आहे, त्याला बघा."

समोर एक माणूस उभा होता. माणूस म्हणजे माणसाचा आकार. सगळा करडा. चेहऱ्याच्या जागी नाक-डोळे काही नाही, घासून गुळगुळीत केलेला दगड असावा तसं. काचवाल्याने स्वतःकडे बघितलं, तर तोही करडाच. दोन करडे हात, दोन करडे पाय.

"तो करेल तसं करायचं. आरशात बघतो तसं. जमेल तितकंच."

समोरच्याने हात वर केला, सावकाश, आणि तळवा बाहेर वळवला. काचवाल्याने आपला डावा हात उचलला. करडा हात वर गेला. छातीच्या पुढे गेला. खांद्याच्या बरोबरीला आला.  हात उतरवताना तो घामाने निथळला होता.

चष्मा काढल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "गेला ना वर?"

डॉक्टर मुलगी जरा घुटमळली. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "गेला, पण तुम्हाला दिसला तेवढा नाही. चष्म्यातला हात आम्ही थोडा पुढे दाखवतो. मेंदूला वाटायला हवं की जमतंय. मग तो खरंच प्रयत्न करतो. बघा, तुमच्या छातीचे ठोके बघा. जिना चढल्यासारखे पळतायत."

"म्हणजे फसवता."

"हो. पण तुमच्या बाजूने."

उत्तर त्याला आवडलं. तो पुन्हा आला, आणि मग येतच राहिला.

काही वेळा ती म्हणायची, आज हलायचं नाही, नुसतं बघायचं. करडा माणूस हात उचलायचा, बाजूला न्यायचा, वाकायचा, आणि हा खुर्चीत स्वस्थ. पण ठोके आणि स्नायू टिपणारी पडद्यावरची रेघ स्वस्थ नसायची. खांद्यावरच्या चिकटपट्टीखाली काहीतरी फुरफुरायचं.

"मी काही केलं नाही हां," तो एकदा म्हणाला, चोरी पकडली गेल्यासारखा.

"तुम्ही नाही केलं. तुमच्या खांद्याने केलं. दुसऱ्याला करताना बघितलं की अंगाला राहवत नाही."

हे त्याला नवीन नव्हतं. काचेच्या पलीकडे जोडीदाराचा खांदा हलायच्या आत याचा हलायला निघे. पण त्याने ते तिला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर खूप मागून सुरुवात करावी लागली असती.

हळूहळू त्याला त्या माणसाची चाल कळू लागली. हात उचलायच्या आधी तो थोडा थांबतो. वळताना आधी मान वळते, मग कंबर. काचवाला त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागला, म्हणजे श्वास दिसत नसे, पण छातीच्या हलण्यावरून ओळखता येई. एकदा व्यायामात नवी हालचाल आली. करड्या माणसाने हात पुढे लांबवला, तळवा सरळ याच्याकडे करून. याने आपला लांबवला. दोन्ही तळवे मधल्या हवेत एकमेकांना भिडले. तिथे काही नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं. तरी तळव्यात गरमी आली, मनगटापासून मानेपर्यंत सर्रकन काटा आला, आणि त्याला चष्म्याच्या आत डोळे मिटून घ्यावे लागले. आई गेल्यापासून त्याच्या अंगाला हात लागला असेल तो न्हाव्याचा, डॉक्टरांचा आणि त्या दिवशी उचलून गाडीत घालणाऱ्या औषधवाल्याचा. सगळे कामापुरते.

"काका, थांबूया का? रेघ फार वर गेली."

"नको. चालू दे."

हात सुधारू लागला. घरी फळीवरचा कप डाव्या हाताने काढता येऊ लागला. आणि तेव्हाच त्याला एक गोष्ट जाणवली. हात उचलायच्या आधी त्याचा खांदा एक हिसका द्यायचा. मागे आणि वर, अगदी बारीक, कुणी शर्ट ओढावा तसा. आधी त्याला वाटलं, आजाराचंच काहीतरी असेल.

पण डॉक्टर मुलीच्या नजरेतून सुटलं नाही. "हा हिसका कुठून आणलात?"

"माझाच असेल."

"नाही. तुमचे सुरुवातीचे व्यायाम मी टिपून ठेवलेत. नव्हता." तिने पडद्यावर करड्या माणसाला एकट्याला उभं केलं आणि हात उचलायला लावला. दोघं बघत राहिली. हात वर जायच्या आधी, मागे आणि वर, बारीकसा. "अरे देवा! मी रोज बघते आणि मला दिसलं नाही. तुम्ही तिची सवय उचललीत."

"तिची?"

"म्हणजे, हा हवेतून नाही ना आला. एका बाईंच्या अंगाला ठिपके चिकटवून त्यांच्या हालचाली घेतल्या होत्या. वाहतूक पोलिसात होत्या त्या. चौकात उभं राहून हात दाखवायचं काम, त्यामुळे हात अगदी स्वच्छ फिरायचे. का हो, काय झालं?"

"काही नाही."

झालं होतं बरंच काही. इतके दिवस तो ज्याच्याबरोबर श्वास घेत होता, त्याचा श्वास खरोखरच कुणाचातरी होता. कुठेतरी एक बाई चहा पीत असेल, केस विंचरत असेल, आणि त्यासाठी हात उचलताना तिचा खांदा हिसका देत असेल. आणि तोच हिसका या माणसाच्या अंगात, एका गल्लीतल्या एका खोलीत, कप काढताना.

पुढच्या वेळी तो घोटून दाढी करून आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, आत आपणही करडेच, बघणार कोण? स्वतःचीच लाज वाटली. छातीचा पट्टा बांधला आणि रेघ वर उडाली.

"काका, जिना चढून आलात?"

"लिफ्टने आलो."

"मग ठोके एवढे का?"

"लिफ्ट जोरात होती," तो म्हणाला.

ती मान खाली घालून तारा सोडवत बसली. हसत असावी, पण तिने पुढे विचारलं नाही. चांगली मुलगी.

मग एक दिवस तिने सांगितलं की त्याचे व्यायाम संपले. हात खांद्याच्या वर जातोय, यापुढे घरी करा, रोज चाला. बाहेर बाकावर दुसरे लोक बसले होते, कुणाचा हात गळ्यात बांधलेला, कुणाची मान कलती. तो त्यांच्यासमोरून गेला आणि त्याच्या मनात आलं, आता हे जातील त्या दालनात.

घरी त्याने कपाटाच्या आरशासमोर उभं राहून व्यायाम केला. जमलं नाही. म्हणजे हात गेला, पण अंगात काही उठलं नाही. आरशातला माणूस याच्या आधी काहीच करत नव्हता. हा उचले तेव्हा तो उचले, हा थांबला की तोही थांबे, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत राहत. एरवी एकटेपणाची त्याला सवय होती. अंगावरचा जुना सदरा असावा तशी. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना तो उगाच हात उचलायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघायचा, तेव्हा ती भिंत फारच जवळ वाटायची.

डॉक्टरने चालायला सांगितलंच होतं. तो चालू लागला, पण बागेकडे नाही, चौकांकडे. आधी स्वतःशीही कबूल करेना. इकडून जवळ पडतं, तिकडे सावली आहे, असं काहीबाही मनाशी म्हणत तो रोज वेगळा चौक धरायचा. बहुतेक ठिकाणी दिवेच होते, लाल-हिरवे, माणूस नाही. जिथे माणूस होता तिथे पुरुष होता, नाहीतर एखादी कोवळी मुलगी, शिट्टी फुंकून दमलेली. मधेच त्याला वाटायचं, काय चाललंय हे आपलं? सापडली तर म्हणणार काय? मग तो दोन दिवस घरी बसायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चपला घालायचा.

बस आगाराच्या पुढे उड्डाणपुलाखाली एक चौक होता. तिथे पाच रस्ते येऊन एकमेकांत घुसत. तो पदपथावर आला तेव्हा चौकाच्या मधोमध गोल चबुतऱ्यावर एक बाई उभी होती, पाठमोरी. पंचेचाळिशीच्या आसपासची, ठेंगणी, खांद्याला रुंद. टोपीखालून मानेवर आलेले केस पिकायला लागलेले. तिने उजवीकडची वाहनं सोडली. मग मान वळली, मागून कंबर वळली, ती थोडी थांबली, खांद्याने हिसका दिला आणि हात वर गेला.

त्याला ओळखावं लागलंच नाही. डोळ्यांनी बघायच्या आधी त्याचा खांदा उडाला होता आणि डावा हात भर रस्त्यात, लोकांसमोर, आपोआप वर चालला होता.

तिने बघितलं ते एवढंच, की कडेला एक म्हातारासा माणूस हात वर करून उभा आहे. तिला वाटलं, याला रस्ता ओलांडायचाय. तिने शिट्टी मारली, दोन्ही हात पसरून पाचही रस्ते थोपवले आणि त्याला मानेने खूण केली, या.

आता न जाऊन सांगतो कुणाला! बस, ट्रक, दुचाक्या सगळ्या याच्यासाठी थांबलेल्या. तो पाय किंचित ओढत पलीकडे गेला. तिच्या चबुतऱ्याशेजारून जाताना त्याने वर बघितलंसुद्धा नाही. पलीकडे त्याचं काहीच काम नव्हतं. चपलांच्या दुकानापुढे उभा राहून त्याने सगळ्या चपला बघितल्या. मग परत यायला हवं होतं. तिने पुन्हा रस्ते थोपवले. या वेळी तिच्या कपाळावर आठी होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिची चहाची वेळ होती. तिच्या जागी दुसरा शिपाई उभा होता आणि ती टपरीशी कप घेऊन उभी. तिनेच हटकलं.

"काका, काय हरवलंय का? रोज पलीकडे जाता आणि हात हलवत परत येता."

 मग तो बोलला. मागूनपुढून, तुटक, पण बोलला. पट्टी सरकली ते सांगितलं, चष्मा सांगितला, करडा माणूस सांगितला. तळव्यांचं सांगितलं नाही. ती ऐकत होती, आणि तिचा कप हातात तसाच राहिला होता.

"अगं बाई!" ती म्हणाली. "मला वाटलं ते केव्हाच बंद पडलं. एका दुपारचं काम होतं. अंगभर ठिपके लावून उभं केलं होतं मला, आणि मलाच हसू फुटेल या भीतीने मी भिंतीकडे बघत होते. आणि हो, हिसका! तो पुसून टाकू म्हणाले होते."

"नाही पुसला."

"एका दुचाकीवाल्याने उडवलं होतं मला. खांदा निखळला, बसवला, तेव्हापासून तो आधी तपासून बघतो की जागेवर आहे ना, आणि मगच हात उचलू देतो. साहेब ओरडतात, बाई, सैनिकासारखा सरळ हात पाहिजे. आता तो काय माझ्या सांगण्यातला आहे?" तिने घोट घेतला. "म्हणजे किती जण हिसका देत फिरत असतील?"

"माहीत नाही. मी देतो."

ती हसली, मग हसायची थांबली. "गंमत आहे. दिवसभर हजारो लोक माझ्या हातांकडे बघतात. तोंडाकडे बघतात ते फक्त भांडायला. घरी गेल्यावर मी हात मांडीवर ठेवून बसते, उचलावेसेच वाटत नाहीत. दाखवा बघू."

"काय?"

"हात. कसा जातो तो."

त्याने टपरीच्या कडेला उभं राहून हात उचलला. थांबला, खांद्याने हिसका दिला, हात वर गेला, तळवा बाहेर वळला. ती टक लावून बघत होती. स्वतःचा खांदा तिने असा बाहेरून कधी बघितला नव्हता.

"असं दिसतं होय ते," ती पुटपुटली.

आणि बोलता बोलता, तिलाही न कळत, तिचा हात वर आला. समोरासमोर दोघांचे हात वर, तळवे एकमेकांकडे, मधे हातभर अंतर. त्याच क्षणी रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने वर्दी आणि हात दोन्ही बघून करकचून ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने दाबला, त्याच्या मागच्याने आईबापाचा उद्धार केला, आणि चौकातला शिपाई ओरडला, "बाई! अहो काय करताय!"

तिने झटकन हात खाली घेतला. हसू आवरत कप टपरीवर ठेवला, टोपी सारखी केली. "येत जा इकडून," म्हणाली आणि धावत सुटली.

काचवाला घरी आला तो चालत आला की तरंगत, हे त्याला नीटसं आठवत नव्हतं. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती इतका वेळ गप्प राहिली की त्याला वाटलं, फोन कटला.

"आहेस ना?"

"आहे. दादा, तू एवढं बोललास कधी?"

"का, बोलू नये?"

"बोल रे. बोल." तिचा आवाज ओला झाला होता. मग तिने विचारलं, "घरचं कोण आहे त्यांच्या?"

"विचारलं नाही."

"नाव?"

तेही विचारलं नव्हतं.

तो लगेच गेला नाही. रोज गेलं तर बरं दिसायचं नाही, असं त्याचं म्हणणं. काय बोलायचं ते मनाशी जुळवत राहिला. जुळवाजुळवीत दिवस गेले. मधे पाऊल सुजलं, त्यातही काही दिवस गेले. गेला तेव्हा चबुतरा फोडलेला होता, कडेला वायरींची वेटोळी पडली होती आणि पाच खांबांवर नवेकोरे दिवे लागत-विझत होते. टपरीवाला म्हणाला, "त्या बाई ना? दिवे आले, त्यांना कुठल्यातरी चौकीत टेबलाचं काम दिलं. खांद्यालाही बरं म्हणत होत्या."

"कुठल्या चौकीत?"

"ते नाही बा विचारलं."

शोधली असती तर सापडली असती. डॉक्टर मुलीला विचारता आलं असतं, पोलिसात चौकशी करता आली असती. तो दिव्याखाली बराच वेळ उभा होता. चौकात हात दाखवणाऱ्या बाईला हात दाखवायला जाणं वेगळं. टेबलामागे बसलेल्या बाईपुढे जाऊन उभं राहणं वेगळं. तिने मान वर करून विचारलं असतं, बोला, काय काम आहे? आणि काम तर काहीच नव्हतं. दिवा हिरवा झाला तसा तो इतर लोकांबरोबर रस्ता ओलांडून घरी गेला. त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला उशीर केला, एवढंच.

पुढे एकट्याने दुकान चालवणं जड जाऊ लागलं, म्हणून त्याने अर्धी जागा एका किल्लीवाल्याला दिली. गोल अंगाचा, गोल चेहऱ्याचा माणूस, आणि तोंड म्हणजे अखंड सुरू असलेला नळ. सकाळी यंत्र चालू व्हायच्या आधी त्याची जीभ चालू होते. दुपारी दोघं एकाच बाकावर डबे उघडतात. किल्लीवाला त्याच्या डब्यात न विचारता भाजी टाकतो.

परवा काचवाल्याने वरच्या फळीवरून चौकट काढली तेव्हा किल्लीवाला बघत होता.

"तुमचा तो खांदा असा का उडतो हो?"

काचवाल्याने चौकट खाली ठेवली. हात पुसले. सांगावं असं त्याला वाटलं, आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत तो बाकावर येऊन बसला.

"माझ्या सासऱ्यांचा गुडघा असाच वाजायचा," किल्लीवाला म्हणाला, "पायरी चढले की कट्, पायरी चढले की कट्. एकदा काय झालं..."

काचवाल्याने डबा उघडला आणि तो ऐकत बसला.